उद्याबाईंचं तळातलं गाठोडं

मावशींना आपलं टोपणनाव कळलं, तेव्हा त्यांच्या हातात कचऱ्याची बादली होती.

तिसऱ्या मजल्यावरून त्या जिना उतरत होत्या. खालच्या वळणावर बेकरीवाली नव्या भाडेकरू मुलीला इमारतीची माहिती पुरवत होती. पाणी कधी जातं, कोणाशी किती बोलायचं, कोणाला उसनं काही द्यायचं नाही, वगैरे.

"आणि शिवणाचं काही असलं तर वर मावशी आहेत," बेकरीवाली सांगत होती. "हात असा की बघत राहावं. झिप बदलायची, पॅंट आखूड करायची, असलं काही असेल तर बिनधास्त दे. पण गोधडी नको हं देऊस."

"का? चांगली नाही करत?"

"चांगली? अगं, केली तर डोळ्यांत भरेल अशी करतात! पण करतील तेव्हा ना. कधीही विचार, 'उद्या नक्की.' आम्ही सगळे त्यांना उद्याबाईच म्हणतो. धाकट्याच्या दुपट्यासाठी मी कापड दिलं होतं, त्याला आता मिशी फुटलीय."

दोघी हसल्या. त्या हसण्यात काही खुनशीपणा नव्हता, आणि म्हणूनच ते मावशींना जास्त लागलं. कोणी रागाने बोललं असतं तर उलटून बोलता आलं असतं. हे म्हणजे पाणी कधी जातं तसंच होतं. सगळ्यांना माहीत असलेली आणि सगळ्यांनी सोडून दिलेली गोष्ट.

मावशी भरलेली बादली घेऊन, चपलांचा आवाज होऊ न देता, परत वर आल्या.

घरात त्यांचे यजमान टेबलावर कोणाची तरी इस्त्री उघडून बसले होते. आयुष्यभर त्यांनी वायरमनचं काम केलं होतं. निवृत्त झाल्यावरही हाताला चैन नव्हती. सगळी इमारत त्यांना काका म्हणायची.

"बादली फिरवून आणलीस वाटतं," काका म्हणाले.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"काय?"

"मला उद्याबाई म्हणतात ते."

काकांनी आधीच घट्ट बसलेला स्क्रू आणखी घट्ट पिळला. "लोक काय गं, कोणालाही काहीही म्हणतात."

"म्हणजे ठाऊक होतं."

"अगं, मला 'उद्याबाईंचे मिस्टर' म्हणतात. मी कुठे मनाला लावून घेतो?" त्या हसतील म्हणून त्यांनी मान वर केली. मावशी हसल्या नाहीत, तसा त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "एक सांगू का? नावाचं काही नाही. पण दार वाजलं की तू आत पळतेस, आणि 'ती बाजारात गेलीय' हे मी सांगायचं. परवा मी तसं सांगितलं आणि आतून तुझं मशीन धडधडत होतं. दारातल्या माणसानं ते ऐकलं, मी ते ऐकलं. तो नुसता 'बरं' म्हणाला आणि गेला. या वयात मला नाही गं आता असं उभं राहवत."

"कोण आला होता?"

"बसड्रायव्हर."

मावशी खुर्चीवर बसल्या. बादली अजून हातातच होती.

त्यांच्या शिवणाच्या खोलीत भिंतीतलं एक कपाट होतं. त्याची दोन्ही दारं एकदम उघडायची नाहीत, असा घरातला दंडकच होता. उघडली की गाठोडी अंगावर यायची. उभ्या उभ्या होणारी कामं मावशी हातावेगळी करत. ज्याला बैठक मारावी लागेल ते कपाटात जाई. अर्धे पडदे, एका बाहीचे स्वेटर, गळा नसलेले झगे आणि गोधड्यांची गाठोडी, एकावर एक. लोकांना वाटे बाई आळशी आहेत. काकांनाही तेच वाटे. मावशींनी ते कधी खोडून काढलं नव्हतं, कारण खरं कारण आळसापेक्षा वाईट होतं. ते कपाटाच्या तळाशी होतं.

बसड्रायव्हरची बायको तरुणपणीच आजारात गेली. त्यानंतर काही महिन्यांनी तो एक गाठोडं आणि एक मुलगी घेऊन मावशींकडे आला होता. मुलगी त्याचं बोट धरून होती. "हिच्या आईचे कपडे आहेत," तो म्हणाला होता. "टाकवत नाहीत, आणि कपाटात बघवत नाहीत. हिला पांघरायला काहीतरी करून द्या, ताई." मावशींचे डोळे भरून आले होते. त्यांनी लगेच टेप घेऊन मुलीची उंची मोजली, आणि त्याच दिवशी गोधडीचं अस्तर कापून ठेवलं. त्यांच्या मनात खरंच खोट नव्हती.

पुढच्याच आठवड्यात चष्मेवाल्याची बायको आली. तिला बाळासाठी छोटी गोधडी हवी होती, तीही तातडीने, आणि पिवळीच. मावशींकडचं पिवळं कापड थोडकं पडलं. दुकानं बंद होती. ड्रायव्हरच्या गाठोड्यात एक पिवळा झगा होता, त्यावर बारक्या लाल छत्र्या. मावशींनी त्याची पाठ कापली. नंतर तसंच कापड आणून भर घालू, असं स्वतःला सांगितलं. बाळाची गोधडी देखणी झाली. चष्मेवालीने चारचौघांत कौतुक केलं, आणि मावशींनी ते उभ्या राहून ऐकून घेतलं.

तसं कापड पुन्हा कुठे मिळालं नाही. मिळालं असतं तरी ते त्या बाईच्या अंगावरचं नसतं. त्यानंतर मावशींच्याने ते गाठोडं उघडवेना. ते दिसू नये म्हणून त्यांनी त्यावर दुसरं ठेवलं, त्यावर तिसरं. मग वरची काढावीत तर खालचं दिसेल, म्हणून वरचीही राहू लागली. ड्रायव्हर विचारायला यायचा. आधी दर महिन्याला, मग वर्षातून कधीतरी. मावशी सांगायच्या, "झालीच आहे, फक्त काठ राहिलाय." गोधडीला काठ लावायचा म्हणजे आधी गोधडी हवी, हे त्या भल्या माणसाला कोण सांगणार? रस्त्यात तो दिसला की मावशी पलीकडच्या फुटपाथवर जात. त्याची बस आली की पाठ फिरवून पुढच्या बसची वाट बघत.

बादली खाली ठेवून मावशी उठल्या, आणि त्यांनी कपाटाची दोन्ही दारं एकदम उघडली. सगळं धबाधबा खाली आलं.

"अगं, अगं!" काका धावत आले. दारात थबकले. मग त्यांनी खाली बसून गाठोडी एका ओळीत लावायला घेतली.

त्या दिवसापासून मावशींनी नवं काम घेणं बंद केलं. सकाळचा चहा झाला की त्या मशीनवर बसत. हातशिलाई असली की खिडकीशी जमिनीवर. वरून खाली, आलं तसं काम उरकायचं. काकांची एक पॅंट निघाली, तिचा एकच पाय आखूड केलेला. "हिच्यासाठी मी किती शोधाशोध केली होती," काका म्हणाले आणि तिथल्या तिथे घालून बघायला गेले. ती पोटावर बसेना. त्यांच्या स्वतःच्या मुलीच्या लहानपणचा फ्रॉक निघाला, काज केलेली, बटणं नाहीत. मुलगी आता स्वतः दोन पोरांची आई होती. मावशींनी तरीही बटणं लावली.

शिवणं सोपं होतं. परत नेऊन देणं जिवावर यायचं. गाण्याच्या बाईंच्या दारात मावशी उशांचे अभ्रे घेऊन उभ्या राहिल्या, तेव्हा बाईंना ते आपले आहेत हेच आठवेना. "माझे? नक्की?" असं विचारत त्यांनी ते घेतले, आणि 'थांबा हं' म्हणत मावशींच्या हातात बिस्किटं ठेवली, पाहुण्याला ठेवावीत तशी. घड्याळदुरुस्तीवाल्याने पडदे उलगडून बघितले आणि म्हणाला, "काय सुरेख झालेत! पण ते घर सोडलं हो आम्ही. इथल्या खिडक्या एवढ्याशा." तो हसत होता. मावशीही हसल्या, आणि वळून जिना उतरताना त्यांचे कान तापले होते. बेकरीवालीने मात्र दुपटं हातात घेऊन बघितलं आणि तिचं तोंड उतरलं. "मी जिन्यात बोलले ते ऐकलंत का हो तुम्ही?"

"खरं तेच बोललीस," मावशी म्हणाल्या.

असं करत करत एक दिवस तळातलं गाठोडं तेवढं राहिलं. मावशींनी काकांना बोलावलं आणि त्यांच्यासमोर ते सोडलं. पिवळा झगा वरच होता. पुढून अख्खा, मागे नुसती हवा.

"हे असंच आलं होतं?" काकांनी विचारलं.

"मी कापलं." मग मावशींनी सगळं सांगितलं.

काकांनी झगा उलटसुलट करून बघितला. आळस त्यांना समजला असता. त्यांनी तो इतकी वर्षं सांभाळून घेतलाच होता. "आणि मी त्याला दारातून परत पाठवत राहिलो," एवढंच ते म्हणाले, आणि आत जाऊन इस्त्रीच्या वायरशी खुडबुड करत बसले.

दुसऱ्या दिवशी मावशी चष्म्याच्या दुकानामागच्या घरी गेल्या. चष्मेवाली मनमोकळी बाई. "या, या! किती दिवसांनी! आणि कुठल्या गोधडीबद्दल म्हणता, ती पिवळी? अहो, आहे ना!" ती त्यांना मागच्या गॅलरीत घेऊन गेली. तिथे एक म्हातारं कुत्रं गोधडीवर मुटकुळं करून झोपलं होतं. "पोरगा मोठा झाला, मग याला दिली. याला दुसरं काही चालतच नाही बघा."

"मला ती मिळेल का? बदल्यात मी नवी करून देते. याच्यासाठी."

"कुत्र्यासाठी गोधडी?" चष्मेवालीला हसू आवरेना. "घेऊन जा हो. नाहीतरी फेकणारच होते. पण तुम्हाला काय करायचीय?"

मावशींनी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ड्रायव्हरच्या आधी हिला कळलं असतं, आणि ते त्यांना बरं वाटेना. कुत्रं गुरगुरत बाजूला झालं. मावशींनी गुडघे टेकून गोधडी उचलली. केसांनी भरलेली, आंबूस वासाची. वाटभर त्या ती छातीशी धरून चालल्या.

धुऊन, वाळवून त्यांनी पिवळा तुकडा उसवला. आपणच घातलेले टाके, बारीक आणि घट्ट. एकेक सोडवताना नखं दुखली. तुकडा विटून सायीच्या रंगाचा झाला होता. छत्र्या जेमतेम ओळखू येत होत्या, आणि एका कोपऱ्याचा चावून चोथा झाला होता. चांगला उरला तो तळहाताएवढा.

मग त्या गोधडीला बसल्या. ड्रायव्हरच्या बायकोला कपड्यांची हौस होती. निळे ठिपके, जांभळी फुलं, एक चौकड्यांचा शर्ट, कामावर जायचा करडा कोट. मावशींनी तुकडे मांडले, मोडले, पुन्हा मांडले. विटका पिवळा तुकडा त्यांनी खालच्या कोपऱ्यात, कमी दिसेल असा बसवला. अस्तर तयारच होतं, गाठोड्यात घडी करून ठेवलेलं. सगळ्या थरांतून बारीक धावदोरा घालत त्या कडेकडून मध्याकडे येत गेल्या. हात दुखला की थांबत, पण जागेवरून उठत नसत. शेवटी काठ लावला. इतकी वर्षं 'राहिलेला' काठ लावायला एक दुपार पुरली, आणि ते लक्षात आलं तेव्हा त्यांना खोलीत एकटं असूनही तोंड लपवावंसं वाटलं.

"झाली ना? नेऊन दे आणि मोकळी हो," काका म्हणाले. "त्या तुकड्याचं बोलू नकोस. त्याला कळायचं नाही."

"मला कळतं ना."

"तुला कळतं म्हणून त्याच्या जिवाला का घोर?"

मावशींना वाटलं, हे नवऱ्याला सुचलं ते आपल्याला वाचवायला. म्हणून त्यांनी ते ऐकलं नाही.

ड्रायव्हर सुट्टीच्या दिवशी घरी एकटाच होता. त्याचे केस पांढरे झालेले त्यांनी पहिल्यांदाच जवळून बघितले. गोधडी त्याने पलंगावर पसरली आणि एकेका तुकड्यावर हात ठेवत गेला. "हा कोट... आणि हा शर्ट माझा होता, तिनं ढापला होता." तो स्वतःशीच हसला. "ताई, उशीर केलात, पण केलंत मात्र छान."

तिथे थांबता आलं असतं. मावशींनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं आणि सांगितलं. पाठ कापली ते, चुकलं ते, चष्मेवालीचं, कुत्र्याचं, सगळं.

त्याचा हात गोधडीवरून उचलला गेला.

"हे मला कशाला सांगितलंत?" तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "मी आत्ता हिच्याकडे बघत होतो, मला बरं वाटत होतं. आता मला कुत्रा दिसणार. तुमच्या मनावरचं तुम्ही माझ्या पलंगावर टाकून चाललात."

"चुकलं माझं."

"ते मघाशीच म्हणालात." त्याने दार उघडून धरलं. "या आता."

परत येताना मावशींना रडू आलं नाही. आपण खरं बोलायचं धाडस करतोय, असं त्यांना जाताना वाटभर वाटलं होतं. आता कळलं, त्यातही आपण आपलीच सोय बघितली होती. काकांनी त्यांचा चेहरा बघितला आणि 'मी म्हणालो होतो' हे शब्द गिळले. चहा टाकला.

त्यानंतर मावशी नुसत्या बसून राहायच्या. मशीनवर झाकण. मग एका सकाळी दार वाजलं. सवयीने त्या आत वळल्या, आणि काका जागचे हलले नाहीत. त्यांनी पेपर वर धरला. मावशींनाच दार उघडावं लागलं.

दारात एक उंच तरुण मुलगी होती, मावशींपेक्षा डोकंभर उंच. काखेत गोधडी.

"ओळखलं नाहीत ना?" ती म्हणाली. "मी ड्रायव्हरची मुलगी."

मावशींच्या मनात ती मुलगी अजून बापाचं बोट धरून होती.

"बाबांनी सांगितलं मला सगळं. ते अजून चिडलेत. मीही चिडलेय."

"बरोबर आहे, बाळा."

"बरोबर आहे ते मला माहितेय." मुलगी आत आली, जमिनीवर पाय पसरून आडवी झाली आणि तिने गोधडी अंगावर ओढली. हनुवटीपर्यंत घेतली तर गोधडी गुडघ्यांवर संपली. "हे बघा. पाय बाहेर येतात."

काकांच्या हातातला पेपर खाली आला.

मावशी बघतच राहिल्या. अस्तर! तेव्हा कापलेलं अस्तर त्यांनी तसंच वापरलं होतं. टाके मोजून-मापून घातले, आणि पोरगी वाढली असेल हे एकदाही डोक्यात आलं नाही. पिवळ्या तुकड्याची लाज त्या पुरती ओळखून होत्या. ही नवी होती आणि तिच्यापुढे ती जुनी काहीच नव्हती. एका मुलीचं अख्खं लहानपण त्या पांघरुणावाचून गेलं होतं, आणि ते त्यांना आज, गुडघ्यांवर संपलेल्या काठापाशी कळत होतं.

"मी लांबवून देते," त्या कशाबशा म्हणाल्या. "पण तुझ्या आईचं कापड आता उरलं नाही गं."

"ठाऊक आहे. मी माझं आणलंय." मुलीने पिशवीतून शाळेचा जुना गणवेश काढला, कोपरांवर घासलेला. "आणि मी ठेवून जाणार नाही. इथेच बसणार आहे, होईपर्यंत."

"बस."

काठ उसवायला दोघी समोरासमोर बसल्या. मुलीला सुई धरता येत नव्हती; दोनदा बोटात घुसली. मावशींनी आपलं बोटातलं अंगुस्तान काढून दिलं. ते तिला घट्ट झालं. मध्ये एकदा मुलीने मान वर न करता विचारलं, "तो झगा, मला आठवतच नाही. आई तो कधी घालायची?"

"मला नाही सांगता येणार," मावशी म्हणाल्या. गोड वाटेल असं काहीतरी रचून सांगणं त्यांना सहज जमलं असतं. "मी तिला त्या झग्यात कधी बघितलं नाही. पण तो तिनं स्वतः शिवला होता एवढं कळतं. खांद्याला टीप दोनदा मारलीय, उसवू नये म्हणून. घाईत मारलेली."

"म्हणजे वाकडी?"

"जरा."

मुलगी पहिल्यांदा हसली. मग तिने कोपऱ्यातला पिवळा तुकडा शोधला आणि अंगठ्याने चाचपला. "हा वर घ्या. तोंडापाशी."

"विटलाय गं तो."

"असू दे."

मावशींनी तो काढून वर घेतला. दिवस कलला तरी काम पुरं झालं नाही. मुलगी दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्याही दिवशी आली. काका दर वेळी तिला विचारून चहात साखर घालत. गोधडी झाली तेव्हा ती पुन्हा जमिनीवर आडवी होऊन बघून गेली. पाय झाकले गेले. तिने 'थॅंक्यू' म्हटलं नाही आणि मावशींनी ते मनातही अपेक्षिलं नाही.

बसड्रायव्हर पुढे कधी मावशींशी बोलला नाही. बसमध्ये त्या चढल्या की तो समोर रस्त्याकडे बघे. मावशी मागे जाऊन बसत, आणि आपला थांबा आला की पुढच्याच दाराने, त्याच्या शेजारून, उतरत.

कुत्र्याची गोधडी त्यांनी त्याच महिन्यात नेऊन दिली. कुत्र्याने ती हुंगली, दोनदा गोल फिरलं, आणि शेजारी फरशीवर जाऊन झोपलं.